साडीला गार्ड आहे, डोक्याला नाही

प्रति,
मा. चेअरमन आणि संचालक मंडळ,
समर्थ सहकारी साखर कारखाना,
अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना



चेअरमनसाहेब, मी कारखान्याची सभासद आहे. सासरे गेले, शेअर माझ्या नावावर झाला, तेव्हापासून ऊसबिलावर माझं नाव छापून येतं. बँकेत सहीला, गट ऑफिसात नोंदीला, अंबडला तहसीलला जायचं ते मोटारसायकलवर. चालवतात आमचे हे. मी मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सीटमागची कडी धरून. तीस वर्षं झाली असं बसायला. हे पत्र त्या मागच्या सीटवरून आलं आहे असं समजा.

विषय कारखान्याच्या सभेतच मांडायचा विचार होता. पण कुठल्याही संस्थेच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत निम्मा मंडप जेवणाकडे वळलेला असतो. म्हणून जाहीर पत्र.

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाडीगोद्रीहून बाजार करून येत होतो. पिशवीत बैलांचे गोंडे, झूल, पुरणाची डाळ. वाटेत एक गतिरोधक आहे, त्याचा रंग कधीच उडालेला. गाडी फार तर तीसच्या वेगात. पुढचं चाक उतरलं, मागचं उडालं आणि मी गाडीवर नव्हतेच. ह्यांना कळलं ते वीसेक पावलं पुढे गेल्यावर, माझं बोलणं थांबलं म्हणून. डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटली होती. सात टाके पडले, रात्रभर उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी जालन्याला नेऊन सीटी स्कॅन केला. आठ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते, पोळ्याची पुरणपोळी शेजारणीनं केली. टाके, स्कॅन, औषधं आणि जीपचं भाडं धरून 9,600 रुपये गेले. स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टर “नशीब” एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

बरं वाटल्यावर अंगणात खाटेवर बसून मी त्या गाडीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला लोखंडी जाळी असते, साडीगार्ड. मला वाटायचं ती कंपनीची मेहेरबानी. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 123 वा नियम तसं सांगतो: मागच्या माणसाला धरायला कडी, पाय टेकायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकेल असं आवरण. म्हणजे मागे एक बाई बसणार, ती साडी नेसलेली असणार, हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या निऱ्यांचा विचार झाला, पदराचा झाला. त्या पदराखाली डोकं असतं, त्याच्यासाठी मात्र गाडीवर काही नाही.

कायद्यात आहे, पण. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यावर हेल्मेट हवं. नसेल तर 194 डी कलमाखाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बंद. फेब्रुवारी 2023 पासून तर नऊ महिन्यांच्या लेकरालासुद्धा हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा सांगितला आहे, आणि लेकरू गाडीवर असेल तर वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. आमच्याकडे लेकरू पेट्रोलच्या टाकीवर बसतं, हँडल धरतं आणि हॉर्न वाजवतं. सगळे कौतुक करतात. माझ्या मुलाचं मीही केलं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतलाच 138 वा नियम म्हणतो की गाडी विकताना कंपनीनं आयएसआय दर्जाचं हेल्मेट सोबत द्यायचं. आम्हालाही मिळालं. शोरूमचं नाव कशाला सांगू, तिथली माणसं चहा पाजणारी होती. काळं, हलकं, आत स्पंजाची पातळ चकती. दोन उन्हाळे ते ओसरीच्या खुंटीला लटकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात खाली पडलं आणि कोंबडीनं त्यात अंडी घातली. एकवीस दिवस ती जागची हलली नाही. त्या हेल्मेटनं कुणाचं डोकं वाचवलं असेल तर त्या सात पिल्लांचं.

टाके काढल्यावर मी जालन्याला जाऊन स्वतःसाठी हेल्मेट घेतलं, 1,150 रुपयांना. दुकानदारानं विचारलं, “साहेबांसाठी का?” मी म्हटलं, “साहेबांना दुसरं दाखवा, हे माझं.” त्यानं शिंप्याची टेप काढून भुवयांच्या वरून डोक्याचं माप घेतलं. तोवर हेल्मेटाला माप असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मोठं हेल्मेट आपटताना डोक्यावरून फिरतं नाहीतर निघून जातं, आणि पट्टा लावला नसेल तर कितीही भारी हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. त्याच दुकानदारानं एक जुनं फुटकं हेल्मेट उघडून दाखवलं. बाहेरचं कवच कठीण, आत दोन-अडीच सेंटीमीटर जाड थर्माकोल. सगळी करामत त्या थर्माकोलची. आपटताना तो दबतो, आणि तो दबतो तेवढ्या जागेत डोकं थांबतं. नसेल तर डोकं जागच्या जागी थांबतं आणि मेंदू आतून कवटीवर जाऊन आदळतो. दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी टाकून द्यायचं. स्पंज नुसता मऊ असतो, त्याच्यानं हे काम होत नाही. रस्त्याच्या कडेला तीनशेला मिळतं त्यात बहुतेक वेळा स्पंजच असतो.

मुलाला हिशोब करायला सांगितला. ताशी पन्नासच्या वेगानं जाणारं डोकं खांबाला आपटणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्यावरून. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल तर आपण नातवाला वर जाऊ देत नाही, आणि पन्नासच्या वेगानं रोज अंबडला जातो.

मागे बसणाऱ्याला काही होत नाही, हा समज कुठून आला कोण जाणे. 2022 साली देशात हेल्मेट नसताना 50,029 माणसं दुचाकीवर मेली. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यांतले 14,337 मागे बसलेले. त्यांत बायका किती ते त्या आकड्यात फोडून दिलेलं नाही, पण आपल्या भागात मागच्या सीटवर कोण असतं ते तुम्हाआम्हाला माहीत आहे. चारचाकीचंही तेच. 3 जून 2014 ला दिल्लीत अपघातात गेले तेव्हा गोपीनाथराव मुंडे गाडीच्या मागच्या सीटवर होते. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्याच सीटवर होते, पट्टा न लावता. शहागडचा पूल ओलांडला की मुंडेंचा बीड जिल्हा. गोपीनाथरावांच्या बातमीनं आपल्या इथल्या चुलीसुद्धा त्या दिवशी पेटल्या नव्हत्या. तरी मागच्या सीटचा धडा कुणी घेतला नाही.

आता पैशाचं बोलते, कारण मुळात पत्र त्यासाठीच आहे.

हेल्मेट महाग आहे म्हणून लोक घेत नाहीत असं म्हणतात, ते मला पटत नाही. पाऊण लाखाची गाडी घेतली की त्याच दिवशी लेगगार्ड बसतो, सीट कव्हर चढतं, टाकीला कव्हर, हँडलला गोंडे, नंबरप्लेटवर मुलाचं नाव. दोन-अडीच हजार तिथेच जातात आणि कुणी कुरकुरत नाही. लेगगार्ड वाईट नाही, पाय वाचतो, पण खरं तर तो टाकीला पोचा पडू नये म्हणून बसवलेला असतो. चांगलं हेल्मेट ह्या सगळ्याच्या निम्म्यात येतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नोकरदाराचा पैसा महिन्याला येतो, आमचा हंगामाला. आणि येतो तो आधीच कुणाच्यातरी नावाचा होऊन येतो. कापसाचा पैसा सोसायटीचा, सोयाबीनचा खतवाल्याच्या उधारीचा, उसाचा पोरांच्या फीचा नाहीतर लग्नाचा. दुधाचा दहा दिवसांनी येतो तो किराण्याचा. हेल्मेटाच्या नावाचा पैसा कधीच येत नाही, कारण हेल्मेटाला हंगाम नाही. मग ते घेतलं कधी जातं? जालन्यात पोलिसांची मोहीम सुरू झाली की त्या सकाळी, रस्त्याच्या कडेला, तीनशेचं, स्पंजाचं. डोक्यावर चढते ती न भरलेल्या दंडाची पावती. मोहीम संपली की ते आरशाला लटकतं, मग कोंबडीकडे जातं.

ह्या तालुक्यात आमच्या पैशाला वळण लावू शकते अशी जागा एकच, तुमचं ऊसबिल. सहकारी कारखाने सभासदाला बेणं देतात, खत देतात आणि बिलातून कापून घेतात. सोसायटीचं कर्ज त्यातूनच वळतं होतं. कपातीची आम्हाला सवय आहे, आणि कपातीतून आलेली वस्तू घरात टिकते, हा माझा अनुभव आहे. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय उरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरीही एक चांगलं हेल्मेट म्हणजे साधारण अर्धा टन ऊस. एका बैलगाडीत त्याच्या तिप्पट-चौपट असतो.

माझी मागणी साधी आहे. बॉयलर पेटायच्या आधी गट ऑफिसांत एक टेप आणि एक वही ठेवा. ज्याला हवं त्यानं माप लिहून द्यावं. कारखान्यानं आयएसआय परवाना असलेल्या कंपनीकडून घाऊक खरेदी करावी आणि रक्कम ऊसबिलातून कापावी. आयएसआयच्या खुणेजवळ परवान्याचा नंबर असतो, तो बीआयएसच्या मोबाइल ॲपवर तपासता येतो. तुमच्या शेतकी विभागातला कुठलाही पोरगा दोन मिनिटांत करेल. 1 जून 2021 पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं हाच गुन्हा आहे, तेव्हा ‘स्वस्तातलं मिळालं’ असं कुणी खरेदी समितीत म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

आणि एक अट घाला. एका गाडीमागे दोन हेल्मेटं, दुसरं मागे बसणाऱ्याच्या मापाचं. एकच घ्यायची मुभा ठेवलीत तर काय होईल ते मी आत्ता सांगते: प्रत्येक घरात एकच येईल, आणि ते माझ्या डोक्यावर नसेल.

ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या तुमच्या चिटबॉयांना तर हेल्मेट आधी द्या, आणि तेही कारखान्याच्या खर्चानं. ऑक्टोबरपासून ती पोरं सकाळ-संध्याकाळ फडाफडांतून मोटारसायकलवर फिरतात, कच्च्या रस्त्यानं, पाचटावरून. हंगामात आपल्या भागातले रस्ते कसे असतात ते वेगळं सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, पहाटेचं धुकं, टायर फुटून कडेला उभी ट्रॉली, मागे दिवा नाही. कुठल्या कारखान्याची ट्रॉली हे अंधारात दिसत नाही आणि विचारायला माणूस उरतोच असं नाही. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम राज्यभर होतात, चांगलं आहे. तसंच मोटारसायकलवाल्याच्या अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट असावं. दीडशे रुपयांच्या आसपास येतं. सुरक्षेच्या सगळ्या सामानात एवढ्या कमी पैशात एवढं काम दुसरी वस्तू करत नाही.

बाकीच्या सामानाचा मी आग्रह धरणार नाही. शहरातली मुलं खांद्या-कोपराला गाद्या असलेली जाकिटं घालतात, पाच-सहा हजारांच्या पुढची, हातमोजे वेगळे, बूट वेगळे. वस्तू चांगली आहे. डांबरावर घसरल्यावर सुती सदरा क्षणात फाटतो आणि मग कातडी जाते, हे खरं. पण चैत्र-वैशाखात बेचाळीस डिग्रीत ते घालून उसाला पाणी द्यायला कोण जाणार? आणि सोललेली कातडी भरून येते, मेंदूचं तसं नसतं. ज्याच्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे आहेत त्यानं ते डोक्यावर घालावेत. दुसरी वस्तू परवडली तर चपलेऐवजी बूट.

आता लोक काय म्हणतील ते. उकडतं. उकडतं खरं, मी घालते म्हणून सांगते. पण आम्ही बायका तोंडाला ओढणी, वर पदर असं गुंडाळून बसतोच, हेल्मेटात त्याहून वारा लागतो. मान दुखते. पहिले चार दिवस दुखली. ऐकू येत नाही. गाडीचा हॉर्न येतो, ह्यांचं बोलणं तेवढं कमी येतं. अंबाड्यावर बसत नाही. नाही बसत, मी वेणी घालते आता, आणि लग्नाला जाताना अंबाडा तिथे पोचून बांधते. पहिल्यांदा हळदीकुंकवाला हेल्मेट काखेत घेऊन गेले तेव्हा बायकांनी ओटी भरताना हसत हसत त्यालाही कुंकू लावलं. आमच्या आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या इथल्याच रस्त्यावर गेला, पुष्कळ वर्षांपूर्वी. त्या अजून त्याचं नाव काढत नाहीत.

मी सक्ती मागत नाही. सक्तीचा आपल्या राज्याला अनुभव आहे. 2016 मध्ये त्या वेळचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली आणि थोड्याच दिवसांत ती गुंडाळावी लागली. 2019 च्या जानेवारीत पुण्यात सक्ती आली तर लोक पगड्या घालून विरोधाला उतरले. पुणेकरांचं पुणेकर पाहतील. उन्हाचं कारण सांगणाऱ्यांनी व्हिएतनामकडे बघावं. आपल्यासारखाच दमट-गरम देश, घरोघरी दुचाकी. 15 डिसेंबर 2007 पासून तिथं चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट बंधनकारक झालं आणि बघता बघता जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर ते आलं. त्याच्या आधी काही वर्षं गरम हवेत चालेल असं हलकं हेल्मेट तिथंच तयार व्हायला लागलं होतं. वस्तू आधी तयार झाली, कायदा नंतर. आपल्याकडे कायदा 1988 चा आहे.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, पण तुमच्यातल्या काहींचं दिल्ली-मुंबईला जाणं-येणं असतं म्हणून लिहिते. सप्टेंबर 2025 मध्ये साध्या मोटारसायकलवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हेल्मेटावर आधीपासून 18 आहे. म्हणजे गाडी आणि डोकं एका भावात. तेच सरकार मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस देतं, आणि राज्य सरकार गोपीनाथरावांच्याच नावाच्या योजनेतून अपघातात गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला दोन लाख देतं. दोन्ही योजनांबद्दल मी कृतज्ञ आहे. पण डोकं फुटल्यावर दीड लाख, माणूस गेल्यावर दोन लाख, आणि डोकं शाबूत ठेवायला 1,150 रुपये देणाऱ्याकडून वर शंभरावर अठरा, हा हिशोब माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईलाही चुकीचा दिसतो.

तुम्हाला हा हिशोब दुरुस्त करता येणार नाही. वही आणि टेप मात्र उद्या ठेवता येईल. मोळी टाकायच्या कार्यक्रमाला संचालक मंडळातली निम्मी मंडळी मोटारसायकलवर येतात, मी पाहिलं आहे. त्या दिवशी सगळे हेल्मेट घालून आले, आणि मागच्या सीटवर वहिनी असतील तर त्यांच्याही डोक्यावर असलं, तर वहीत नावं लिहून घ्यायला माणूस पुरणार नाही.

आमच्या घरचं आधीच सांगून ठेवते. ह्यांचं माप 58 सेंटीमीटर. मुलगा हॉस्टेलला आहे, त्याचं फोनवर विचारलं, 57. सुनेचं माप मुलाचं लग्न झाल्यावर कळवीन. माझं 56, पण माझ्याकडे आहे. पहिली कपात माझ्या बिलातून करा.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद
अंकुशनगर